मागच्या दाराखालची कुपनं

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातली ती खोली आम्हाला मिळाली तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. माझ्या लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. आमचे हे अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते. मालाच्या गाड्या रात्री लागायच्या, म्हणून ड्यूटीही रात्रीचीच. मी उमरेडहून एसटीनं आले, बरोबर एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि गादीची वळकटी. आमचं घर विणकरांचं. दिवसभर मागाचा खटखटाट ऐकत वाढलेली मी, इथं आले आणि पहिल्या रात्री त्या शांततेनंच मला झोप लागली नाही.

गोदामांच्या मागं खोल्यांची एक लाईन होती. समोर अंगण, अंगणात सगळ्यांचा मिळून एक नळ. प्रत्येक खोलीला मागं एक दार होतं, ते एका अरुंद बोळीत उघडायचं. बोळीच्या पलीकडं गोदामाची भिंत आणि भिंतीच्या कडेनं माजलेलं गवत. आमच्या खोलीचं मागचं दार मात्र कडी लावून बंद केलेलं होतं, आणि कडीवर भरवसा नसल्यासारखी आतून एक फरशी टेकवून ठेवलेली होती. घरमालक म्हणाला, "ते दार उघडू नका. मागं घाण आहे." भाडं बाकीच्यांपेक्षा कमी होतं. ते का कमी, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. कमी आहे याचाच आनंद झाला.

पहिल्या दिवशी झाडताना त्या दारापाशी, फरशीच्या आडोशाला, धुळीत पडलेली काही निळी चिठोरी मला सापडली. जाड कागदाची, त्यावर कपबशीचं चित्र. काही पाणी लागून फुगलेली, काही कोरी करकरीत. मला वाटलं, कसली तरी तिकिटं असतील. फेकायच्या आधी कोणाला तरी विचारावं म्हणून फळीवर ठेवली.

शेजारच्या खोलीतली बाई दुपारी भेटायला आली. पन्नाशीची, बुटकी, कपाळ मोकळं, बोलणं ठसक्यात. तिच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्यापुढं रोज ताजं फूल असायचं. तिला मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणू लागले. फळीवरची चिठोरी बघून ती थबकली. त्यातलं एक उचलून तिनं पदरानं पुसलं.

"हे कोठी भेटले तुले?"

"त्या दारापाशी पडले होते."

तिनं ते परत फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "ठेव. कामाचे हायेत. चहाच्या पुड्यातले कुपन होत."

आमच्याकडं उमरेडला चहा कागदाच्या पुडीत सुटा यायचा. कुपन हा शब्दही मी पहिल्यांदाच ऐकत होते. मावशीनं समजावून सांगितलं. ठरावीक कंपनीचा चहा घ्यायचा. पुड्यात कुपन निघतं. ती जमवायची आणि शहरातल्या जरीपटका भागातल्या डेपोत नेऊन द्यायची. त्या बदल्यात चमचा, वाटी, डबा, जास्त असली तर मोठं भांडं. नवं भांडं घ्यायला पैसा लागत नाही.

"इथं राहे ना, तिनंच शिकवलं आमाले सगळं," मावशी म्हणाली. "लय हुशार पोरगी."

"कुठं गेली ती?"

"गेली," मावशी म्हणाली, आणि माझ्या हातातला झाडू घेऊन कोपरा झाडू लागली.

वाडीत कोणीच फार दिवस टिकत नसे. ड्रायव्हर, हमाल, कारकून, आज इथं तर उद्या रायपूरला. तीही तशीच नवऱ्याबरोबर दुसरीकडं गेली असेल असं मी धरून चालले.

त्या वर्षात सगळंच महाग होत चाललं होतं. साखर रेशनकार्डावर मिळायची, तेलाला दुकानदार सांगेल तो भाव. घर कसं चालवायचं हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मावशीनं आणि नळावरच्या बायांनी ते शिकवलं, आणि प्रत्येकीच्या तोंडी, नाव न घेता, तिचाच उल्लेख असायचा. "ती म्हने, लहान पुडा घ्याचाच नाही. चौघींनी मिळून मोठा घ्याचा, पत्ती वाटून घ्याची अन् कुपन पाळीपाळीनं ठेवाचं." "ती म्हने, दुकानदार पुडा फोडून देत असन तर घेऊ नये, कुपन त्यानं काढून घेतलं असते." साबणाच्या वेष्टनावर चमचा मिळतो हेही तिनंच शोधून काढलेलं. मी नवखी, सगळं चुकत गेले. एकदा कुपन कापताना रेघ सोडून कापलं. एकदा भांडं मिळतं म्हणून डालड्याचा डबा आणला, आणि घरात खाणारे दोघंच, तो संपता संपेना. एकदा तुपकट हातानं कुपनांना हात लावला. मावशी हसायची नाही, चिडायचीही नाही. म्हणायची, "तिचंबी पयले असंच होये."

मला ते ऐकून बरं वाटायचं. पुढं पुढं जरा विचित्र वाटू लागलं. मी फळीवर ज्या खिळ्याला चहागाळणी अडकवत होते, तो तिनं ठोकलेला होता. कुपनं ठेवायला मी जी खाच निवडली, तिच्यात आधीच निळा रंग उतरलेला होता. नळावर पाठमोरी उभी असले की कोणी तरी मागून दचकून थांबायचं, आणि मी वळले की कळशी भरायच्या गडबडीला लागायचं. मला वाटलं, आमची ठेवण सारखी असेल.

थंडी सुरू झाली तशी एका पहाटे ती गोष्ट घडली. हे सात वाजता यायचे, त्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला मी अंधारातच उठायची. स्टोव्ह पेटवायला बसले होते. मागच्या बोळीत पावलं वाजली, काठीचा ठोका आला. मग दाराखाली काहीतरी खरखरलं आणि फरशीच्या कडेनं निळ्या कागदाचा कोपरा आत सरकला.

"बेटी, एकच हाय आज," बाहेरून म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

मी घाबरले. पण त्या आवाजात घाबरण्यासारखं काही नव्हतं. आधीच्या बाईला हा कुपनं आणून देत असेल, ती गेल्याचं याला ठाऊक नसेल, एवढं माझ्या ध्यानात आलं. हे घरी नसताना दार उघडायचं नाही असं मला बजावलेलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून तोंडातून आपोआप गेलं, "बरं, बाबा."

बाहेर काठी पडल्याचा आणि गडगडत गेल्याचा आवाज आला. पावलं घाईघाईनं दूर गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा काठीचा ठोका आला, पण कागद लगेच सरकला नाही. तो दाराजवळ आला असावा. अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेटी?"

"हो, बाबा."

"हायेस ना?"

"आहे."

त्यानं मोठा श्वास घेतला. तो मला दाराआडून ऐकू आला. मग कुपन आत आलं.

त्यानंतर तो जवळजवळ रोज यायचा. बाजूच्या दुसऱ्या एका गोदामाचा तो चौकीदार होता. हमालांच्या चहासाठी मोठे पुडे लागत, कुपनं त्यातली. ड्यूटी संपवून जाताना तो बोळीतून जायचा. छिंदवाड्याकडचा माणूस, पण नागपुरात जन्म गेलेला, त्यामुळं बोलणं अर्धं हिंदी, अर्धं इथलं. दिवाळीला गावी गेला होता, तिथं गाईला कालवड झाली, सुनेनं घर नवं सारवलं, असं तो दाराशी उभा राहून सांगायचा. मी आतून "हं" म्हणायची, "बरं झालं" म्हणायची. आज सांगू, उद्या सांगू की बाबा, मी ती नाही. पण सांगितलं असतं तर कुपनं बंद झाली असती, आणि शिवाय दिवसभर माझ्याशी बोलणारं कोण होतं. यांना सांगितलं असतं तर यांनी ते बंद केलं असतं. मावशीला सांगितलं असतं तर दुपारपर्यंत ते नळावर गेलं असतं.

एकदा भाकरी तव्यावर होती. मी म्हटलं, "बाबा, भाकर देऊ का गरम?"

तो घाईनं म्हणाला, "नको, नको. दार नको उघडू. दार नको उघडू तू."

मी फरशीकडं बघत राहिले आणि भाकरी करपली.

पौषातली एक पहाट होती, धुकं इतकं की समोरच्या दारातून अंगणातला नळ दिसत नव्हता. तो आला. कुपन सरकवलं. नेहमीसारखा बोलू लागला नाही. बराच वेळ नुसता उभा राहिला. मग म्हणाला, "बेटी, पाय दुखते का वं आता?"

आधीच्या बाईच्या पायाला काही लागलं असेल असं मला वाटलं. मी म्हटलं, "नाही, बाबा. आता नाही दुखत."

बाहेर तो रडू लागला. आवाज न करता रडणारं माणूस दाराआडूनही कळतं. मी उठून दाराशी गेले, फरशीला हात लावला, आणि तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं काठीचा ठोका लांब गेला.

त्या दिवशी दुपारी मी मावशीकडं गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि विचारलं, "मावशी, आमच्या खोलीतल्या तिच्या पायाला काय झालं होतं?"

मावशीचं सूप थांबलं. "पायाचं तुले कोनं सांगतलं?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या पहाटेपासून त्या सकाळपर्यंतचं. तूर तशीच सुपात राहिली.

"श्रावणातली गोष्ट," ती म्हणाली. "आठ दिस पानी थांबलं नवतं. थो म्हातारा रोज येऊन राहिला होता. दाराखालून कुपन टाके त भिजे. मंग त्यानं म्हनलं, बेटी, हातात घे. तिनं दार उघडलं, पायरीवर पाय ठेवला. तिथंच घोनस बसली होती. अंधारात दिसन कसं. तिचा नवरा गाडी घेऊन गेलेला. म्हाताऱ्यानंच टरक काढाले लावला अन् तिले मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. मी होती संगं. पाय असा सुजला होता, अन् ती एकच म्हने, बाबा, पाय दुखते. बाबा, पाय दुखते."

"मग?"

"मंग काय. सांजच्याला गेली."

मावशी 'गेली' असं म्हणाली तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा नीट ऐकला. पहिल्या दिवशीही तिनं तोच शब्द वापरला होता.

मी विचारलं, "त्या म्हाताऱ्याला माहीत आहे ना, ती वारली ते?"

"काय इचारतेस वं. त्याच्या मांडीवर डोकं होतं तिचं."

म्हणजे तो रिकाम्या खोलीच्या दाराखालून कुपनं टाकत होता. श्रावणापासून टाकत होता. ती जिवंत असताना द्यायची कबूल केलेली कुपनं तो देत राहिला होता. मग तो गावी गेला, आणि तेवढ्यात आम्ही राहायला आलो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. बोळीतून आमची खोली बंदच दिसायची. आणि थंडीतल्या एका पहाटे त्या बंद दारामागून एका तरुण बाईचा आवाज आला, "बरं, बाबा."

"तू काही वाईट नाही केलं," मावशी म्हणाली. "पन आता असं नोको करू."

त्या दिवशी मला घरात जाववेना. फळीवरची कुपनं मला लांबूनच दिसत होती. संध्याकाळी हे ड्यूटीवर निघायच्या आधी मी त्यांना सांगितलं. ते चप्पल घालता घालता थांबले. भूत-प्रेत मानणारे नव्हते ते, पण मागच्या दाराकडं त्यांनी एकदा बघितलंच. म्हणाले, "उद्यापासून उत्तर देऊ नको. आपोआप थांबेल."

"आज घरी राहा."

"गाड्या लागल्यात दोन. कसा राहू?"

पहाटे म्हातारा आला. काठीचा ठोका ऐकताच मी पदर तोंडात धरला. कुपनाचा कोपरा आत सरकला.

"बेटी?"

मी गप्प.

"निजली का?"

स्टोव्ह पेटवला नव्हता. खोलीत इतका अंधार होता की माझाच हात मला दिसत नव्हता. मी आणि तो, आणि मध्ये दार, आणि दाराच्या आतल्या बाजूला माझ्याशेजारी आणखी कोणीतरी उभं असल्यासारखं मला वाटत होतं. ती उत्तर द्यायची वाट बघतेय आणि मी तिचं तोंड धरून बसलेय, असं.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "रागावली का माझ्यावर?"

ते मला सोसलं नाही. उत्तर दिलं तर ती आहे असं तो समजणार. नाही दिलं तर ती रागावून बसली असं समजून हा म्हातारा जन्मभर झुरणार. मी कंदील पेटवला, पुढचं दार उघडलं, आणि लाईनीला वळसा घालून बोळीत गेले.

तो दाराला कपाळ टेकवून उभा होता. अंगावर घोंगडी, काठी भिंतीला लावलेली. उजेड पडला तसा तो वळला. आधी त्याला डोक्यावरचा पदरच दिसला असावा. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला भीती म्हणता येणार नाही. तो आनंद होता. मग मी जवळ आले, त्याला माझा चेहरा दिसला, आणि तो आनंद उतरताना मी बघितला. त्याआधी किंवा त्यानंतर मी कोणाकडून काही हिसकावून घेतल्यासारखं मला इतकं कधी वाटलं नाही.

"बाबा, मी दुसरी आहे," मी म्हटलं. "दिवाळीनंतर आम्ही इथं राहायला आलो."

त्यानं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"रोज तूच बोले?"

"हो."

"पायाचंबी तूच म्हनली?"

"हो, बाबा. मला ठाऊक नव्हतं."

कंदिलाच्या काचेवर काजळी धरत होती. शेवटी तो म्हणाला, "मंग तिले दुखते का नाही, हे त कोनालेच माहीत नाही."

त्यानं काठी घेतली आणि गेला. कुपन अर्धं दाराच्या आत आणि अर्धं बाहेर तसंच राहिलं.

त्यानंतर तो आला नाही. मला मात्र त्याच वेळेला जाग यायची. आधी निदान एक माणूस बाहेर असायचं. आता बाहेर कोणी नव्हतं आणि खोलीत एकटं असल्यासारखंही वाटत नव्हतं. स्टोव्हला पंप मारता मारता मी थांबायची. तिच्याशी बोलायला रोज कोणीतरी येत होतं आणि मी त्याला घालवून दिलं, असं मनात यायचं. मावशीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्यात मेल्यावर कोनी येत नाही, पोरी. आपूनच मांगं जातो." पण त्या दिवसापासून ती पहाटे उठली की आमच्या सामाईक भिंतीवर दोनदा हात मारायची. मी इकडून मारायची. तेवढ्यावर मी ते दिवस काढले.

एके दिवशी मावशी म्हणाली, "तिचे अन् तुये कुपन मिळून आता पुरन. तिले झाकनाचा गंज घ्याचा होता. मायले द्याले. मायच्या घरी दूध तापवाले धड भांडं नाही म्हने."

आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात. तिला तो आईला द्यायचा होता हे कळल्यावर मला काय करायचं ते कळलं. नुसतं घरात ठेवून ती कुपनं मला झेपणारी नव्हती.

आम्ही दोघी बसनं शहरात गेलो आणि तिथून जरीपटक्याला. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. डेपो म्हणजे कापडाच्या दुकानामागची एक खोली. टेबलामागं एक चष्मेवाला माणूस, त्याच्या पाठीशी स्टीलची भांडी रचलेली. त्यानं कुपनं टेबलावर पसरली आणि पाण्यानं फुगलेली बाजूला काढू लागला.

"ही चालणार नाहीत. भिजलेली आहेत."

"काहून नाही चालत?" मावशी म्हणाली. "कपबशी दिसून नाही राहिली का त्याच्यावर?"

"कंपनी घेत नाही, बाई. नियम आहे."

श्रावणातली होती ती. मावशी भांडायच्या बेतात होती, मी तिचा हात दाबला. माझ्या पिशवीत आमच्या घरच्या पुड्यांमधली कुपनं होती, ती काढून मी टेबलावर ठेवली. भिजलेली परत घेतली. त्यानं पुन्हा सगळं बघितलं, मान हलवली, आणि रजिस्टर ओढलं.

"कोणाच्या नावानं लिहू?"

मी मावशीकडं बघितलं. मावशीनं एक नाव सांगितलं. त्या माणसानं मान वर न करता ते लिहिलं. तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतके दिवस तिच्या खिळ्याला गाळणी अडकवत होते, तिच्या जागी उत्तर देत होते, आणि तिचं नाव मला माहीत नव्हतं. परत येताना बसमध्ये मी ते मनातल्या मनात म्हणत होते. साधंच नाव होतं. माझ्या वर्गात त्या नावाच्या दोन मुली होत्या.

गंज घेऊन मी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या गोदामावर गेले. तो फाटकाजवळ बाजेवर बसला होता. उन्हात तो फारच म्हातारा दिसला. मी सांगितलं, हा तिचा आहे, तिच्या आईला द्यायचा आहे. त्यानं तो मांडीवर घेतला, झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा लावलं.

"सावनेरच्या पुढं गाव हाय तिचं," तो म्हणाला. "माझ्याच वाटेवर. मी नेऊन देतो."

"बाबा, तुम्ही चिडलात का माझ्यावर?"

"नाही, बेटी." झाकणावरून हात फिरवत म्हणाला, "पन काही दिवस मले चांगली झोप लागली होती."

होळीच्या आधी तिची आई आली. म्हातारा तिला घेऊन आला होता, पण तो अंगणात आला नाही, गोदामाच्या भिंतीपाशीच थांबला. आई उंच, सडसडीत, हाता-पायाला शेतातल्या कामाचे घट्टे. दारात उभी राहून तिनं खोली बघितली. मी बसा म्हटलं, ती बसली नाही. मावशी आली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या नाहीत, नुसत्या एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या.

"ते दार उघडता का?" आई मला म्हणाली.

हे घरी झोपले होते, त्यांना उठवलं. त्यांनी फरशी सरकवली. कडी गंजली होती, तेल सोडून हातोडीनं ठोकावी लागली. दार उघडलं आणि खोलीत त्या बाजूनं ऊन आलं. मी तिथं राहायला आल्यापासून ते पहिल्यांदाच येत होतं. पायरी साधी दगडाची. गवत उन्हाळ्यानं वाळलेलं.

"इथंच?" आईनं विचारलं. मावशीनं मान हलवली.

आई पायरीवर बसली. दगडावरून तळहात फिरवला, मग तो हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मी तिच्या मागं उंबऱ्यात बसले. बऱ्याच वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुले भेव नाही वाटत इथं?"

"वाटतं," मी म्हटलं.

"मले तिच्यासाठी वाटे. पोरगी नव्या जागी गेली, कसं करत असन. आता कोनासाठी वाटू?"

भिंतीपाशी उभ्या म्हाताऱ्याकडं तिनं बघितलं, उठली, आणि त्याच्याजवळ गेली. आम्हीही मागून गेलो. त्यानं मान खाली घातली.

"तुमीच नेलं ना तिले दवाखान्यात," ती म्हणाली. "गंज द्याले आले तवा इचाराची हिंमत झाली नाही. काही म्हनली का ती? जाताना?"

मावशीनं माझा दंड घट्ट धरला. म्हाताऱ्यानं मान वर केली. आईकडं बघायच्या आधी त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग तिला म्हणाला, "पाय नाही दुखत म्हनली. आता नाही दुखत, म्हनली."

आईनं डोळे मिटले. "असं म्हनली?"

"हो."

मावशीला खरं काय ते ठाऊक होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही. आजही मला सांगता येत नाही की ते खोटं कोणाचं होतं, त्याचं की माझं, आणि त्या गेलेल्या पोरीनं ते ऐकलं असतं तर तिला काय वाटलं असतं.

आई चहाला थांबली नाही. सावनेरची गाडी चुकेल म्हणाली. गंज कसा आहे असं मावशीनं विचारलं, तर म्हणाली, दूध तापवते त्याच्यात, बुडाला लागत नाही. मग ती निघाली. म्हाताऱ्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली. ती पुढं, तो दोन पावलं मागं, असे ते गोदामांच्या मधल्या रस्त्यानं अमरावती रोडकडं गेले. मध्ये ट्रक उभे होते, त्यामुळं ते मला दिसायचे, नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. रोडवर ते दोघं एकमेकांशी न बोलता उभे राहिले. शहराकडं जाणारी बस आली, आई चढली, त्यानं खिडकीतून पिशवी आत दिली. बस गेल्यावरही तो तिथंच उभा होता.